गयेला सोडलेली जावा

"किकच नाहीये यार हिला," श्रीरंग वाकून बघत म्हणाला. "चल, पुढच्या गराज सेलला जाऊ. मला लॉनमोअर बघायचाय."

पुरुषोत्तम जागचा हलला नाही. शनिवारी सकाळीसुद्धा इस्त्रीची पँट घालून घराबाहेर पडणारा हा माणूस परक्याच्या गराजमधल्या तेलकट जमिनीवर गुडघे टेकून बसला होता, आणि पँटचं काय होतंय याची त्याला शुद्ध नव्हती. समोर, अर्धवट ओढलेल्या ताडपत्रीखाली, एक मोटरसायकल भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेलं, आणि टाकीवर इतकी धूळ की खालचा रंग कुठला ते कुणाला सांगता येऊ नये. पुरुषोत्तमला मात्र तो न बघताच ठाऊक होता. त्याने खिशातून रुमाल काढला, टाकीवरून एकदा फिरवला आणि खालून गर्द लाल रंग निघाला.

"जावा आहे," तो म्हणाला. "श्रीरंग, जावा आहे रे ही. अडीचशे."

"इथं अमेरिकेत? शॉमबर्गमध्ये?" श्रीरंगही मग उकिडवा बसला.

गराज रिकामं करायला आलेला डेल नावाचा तिशीतला मनुष्य कॉफीचा कप घेऊन जवळ आला. सासरे वारले, घर विकायला काढलं, आता हे सगळं सामान निस्तरायचं त्याच्या वाट्याला आलं होतं. त्याने मोकळेपणाने सांगितलं की ही गाडी सासऱ्यांनी तरुणपणी हौसेने घेतली, पण कित्येक वर्षांत कुणी चालू केलेली नाही. किक तर कुठे तुटून पडली देव जाणे. पाऊणशे डॉलर दिलेत तर ताडपत्रीसकट घेऊन जा, नाहीतर उद्या दुपारी भंगारवाला येणार आहे.

"किक आहे," पुरुषोत्तम म्हणाला.

"व्हेअर?" डेलने विचारलं.

श्रीरंगने पुरुषोत्तमच्या बरगडीत कोपर मारलं. नागपूरचा हा गडी घासाघीस केल्याशिवाय अमेरिकेतल्या सुपरमार्केटातूनही बाहेर पडत नसे. किक नाही या एका मुद्द्यावर गाडी फुकटात पदरात पडेल, असं गणित त्याने मनात मांडलंसुद्धा होतं. पण पुरुषोत्तम कसला थांबतोय. त्याने गाडीच्या डाव्या बाजूचा गिअरचा दांडा तळहाताने आत दाबला, आणि तो दांडा, जो आजवर त्या गराजमध्ये गिअरच म्हणून ओळखला जात होता, गर्रकन वर फिरून उभा राहिला. तीच किक. जावाचं हे असंच असतं. गाडी चालू करायची तोच दांडा, गिअर टाकायचे तोच.

डेलच्या कपातली कॉफी सांडली. "यू आर किडिंग मी," तो म्हणाला.

पुरुषोत्तमने उभं राहून त्या दांड्यावर पाय ठेवला. इंजिन जाम झालं असेल तर पाय खाली जाणारच नाही. त्याने श्वास धरून हळूच वजन टाकलं. पाय खाली गेला. मध्येच दाब लागला, इंजिनाने 'फुस्स' केलं आणि दांडा परत वर आला. त्या एका फुस्सने पुरुषोत्तमच्या अंगावर काटा आला. त्याने पुन्हा किक मारली. मग पुन्हा. गाडी चालू होणार नव्हती हे त्यालाही कळत होतं, टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. पण पाय काही थांबायला तयार नव्हता.

"आत जीव आहे," तो धापा टाकत म्हणाला. "कार्ब्युरेटर साफ करायचा, पॉइंट घासायचे, केबली बदलायच्या. पिस्टन मोकळा आहे रे. मोकळा आहे."

आता हा पुरुषोत्तम म्हणजे काय चीज होती हे सांगितलं पाहिजे. लिफ्टच्या दारांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो ती दारं वेळेवर उघडतात की नाही हे तपासायचं काम करी. घरात टोस्टर घ्यायचा तर तो लायब्ररीत बसून ग्राहकांसाठीच्या मासिकांचे जुने अंक चाळत असे. त्याची तपकिरी स्टेशनवॅगन दिसायला शवपेटीसारखी होती, पण ती कधी बंद पडत नसे, आणि म्हणूनच त्याने ती घेतली होती. अशा माणसाने एक बंद, गंजकी, उंदरांनी खाल्लेली मोटरसायकल बघून पाच मिनिटांच्या आत पाकिटाला हात घालावा, हे बघून श्रीरंगला हसावं की घाबरावं ते कळेना.

आणि तो हात खिशातच थांबला.

पुरुषोत्तमचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याने पाकीट अर्धवट काढलं होतं, ते परत आत सरकवलं. "उद्या सांगितलं तर चालेल?" त्याने डेलला विचारलं. भंगारवाला येण्याआधी कधीही या, असं डेल म्हणाला. पुरुषोत्तमने ताडपत्री नीट ओढून घेतली, चारी कोपरे खोचले, आणि तो गाडीत जाऊन बसला.

"काय झालं काय तुला?" श्रीरंगने रस्त्याला लागल्यावर विचारलं. "भूत बघितलंस?"

"मी ती सोडलीय," पुरुषोत्तम म्हणाला. "गयेला."

श्रीरंगने गाडी कडेला घेतली. हे काम चालवता चालवता ऐकायचं नाही, एवढं त्याला समजलं.

पुरुषोत्तमचे वडील, विष्णुपंत, सांगलीच्या हळद बाजारात एका अडत्याकडे नोकरीला होते. ते गेले तेव्हा पुरुषोत्तमला अमेरिकेचा व्हिसा मिळालेला होता. निघण्याआधी सगळे मिळून गयेला गेले. पिंडदान झाल्यावर तिथल्या पंड्याने सांगितलं, आता पितरांसाठी प्रत्येकाने एक आवडती वस्तू सोडा. आता हे सगळ्यांना माहीत असतंच, त्यामुळे सगळे घरूनच ठरवून गेलेले. काकांनी शेपू सोडला, जो त्यांनी जन्मात कधी तोंडात घातला नव्हता. आत्याने कारलं सोडलं. पुरुषोत्तमला पडवळ सोड असं बजावून ठेवलेलं होतं. पण त्याची पाळी आली आणि त्याच्या तोंडून निघालं, "माझी जावा." पंडा म्हणाला, हे काय फळ आहे? तेव्हा पुरुषोत्तमने नीट सांगितलं की ती मोटरसायकल आहे, आणि इथून पुढे मी मोटरसायकल चालवणार नाही.

"अरे पण का?" श्रीरंगने विचारलं.

"टाकीवर धूळ बसली होती म्हणून."

श्रीरंग त्याच्याकडे बघत राहिला. पुरुषोत्तमने काच खाली केली आणि बाहेर बघत सांगितलं. त्याची जावा कायम लखलखीत असे. जावाचा रंगच तसा, धूळ धरत नाही, असं तो मित्रांना ऐटीत सांगायचा. वडील गेले, सुतकात गाडी जागची हलली नाही, आणि एका सकाळी त्याने सहज टाकीवर बोट फिरवलं तर बोट मळलं. तो आईकडे गेला. आई म्हणाली, "अरे, रोज पहाटे तू उठायच्या आत बाबा पुसायचे ती. जुन्या धोतराच्या फडक्यानं. तुला माहीत नव्हतं होय?"

पुरुषोत्तमने काच परत वर केली.

"पण यार," श्रीरंग शेवटी म्हणाला, "तू तर इकडे येणारच होतास. गाडी तशीही विकणारच होतास ना? मग ते कसलं सोडणं? तुझ्या काकांच्या शेपूसारखंच झालं की."

हे वाक्य श्रीरंगने गंमतीत टाकलं होतं. पुरुषोत्तमच्या मात्र ते वर्मी बसलं. घरी येईपर्यंत तो नखांतलं काळं कोरत बसला.

त्याच्या बायकोने, सुलभाने, दार उघडलं तेव्हाच तिला तेलाचा वास आला. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची, वास ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "गुडघ्याला काय लागलंय? आणि हे हात?" तिने विचारलं. पुरुषोत्तमने हात धुतले, दोनदा धुतले, पण नखांतलं काळं काही गेलं नाही. मग जेवायला बसल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. दोन सायलेन्सर, टाकीच्या दोन्ही बाजूंचे रबरी पॅड, तो किकचा दांडा. आमटी गार झाली तरी त्याचं सांगणं चालूच होतं. त्यांची सोळा वर्षांची मुलगी दीपा सँडविच खात ऐकत होती.

"डॅड, आय हॅव नेव्हर सीन यू लाइक धिस," ती म्हणाली. "जस्ट बाय इट."

"तुला नाही कळायचं," पुरुषोत्तम म्हणाला. "तुझ्या आईला विचार, हरिपूरच्या रस्त्याला आम्ही कसे जायचो. लग्न झाल्यावर रोज संध्याकाळी. उजव्या हाताला नदी, आणि सूर्य नेमका पाण्यात उतरत असायचा. दोन्ही बाजूंना चिंचा. आठवतं ना गं?"

"शेतं आठवतात," सुलभा म्हणाली. "हळदीची. नदी नाही आठवत मला."

"हिचं लक्षच नसायचं," पुरुषोत्तम दीपाला म्हणाला. हा त्याचा जुना विनोद होता. महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला तो हा विनोद करायचा, की मी हिला कृष्णाकाठचा सूर्यास्त दाखवायला न्यायचो आणि ही हळद बघत बसायची. सुलभा दर वेळी हसायची. आजही हसली.

दीपा वर गेल्यावर मात्र पुरुषोत्तम खरं बोलला. "श्रीरंग म्हणतो ते खोटं नाही गं. तेव्हा मी काय सोडलं? विकणारच होतो. इथं आल्यावर डोळ्यांसमोर मोटरसायकल आलीच नाही, तर मोह कसला होणार. बाबांना मी आयुष्यात एकच गोष्ट दिली, ती पण फुकटची. खरी सोडायची वेळ आज आलीय."

सुलभाने ताटं उचलली. गयेला तीही त्याच्या मागे उभी होती, आणि तिने सीताफळ सोडलं होतं. तिनेसुद्धा पडवळ सोडलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. पण नवऱ्याने मोटरसायकल सोडल्यावर आपण पडवळ सोडायचं तिला बरं वाटेना. मागे भारतात गेली तेव्हा मालिनीने, तिच्या बहिणीने, पिकलेली सीताफळं परातीत मांडून समोर ठेवली होती. सुलभाने प्रत्येकाला उकलून दिली, बोटं पाण्याने धुतली, आणि ती उठून गेली. त्यामुळे 'जाऊ द्या हो, कोण बघतंय' असं काही ती म्हणणार नव्हती.

"मग सोडा," ती एवढंच म्हणाली.

त्याने मान हलवली. विषय संपला होता. दुपारभर त्याने गवत कापलं, नसलेलं गवतसुद्धा कापलं.

रविवारी सकाळी पुरुषोत्तम डेलला फोन करायला उठला, तर सुलभा पर्स घेऊन दारात उभी. "फोनवर कशाला नाही म्हणता? माणूस थांबलाय आपल्यासाठी. जाऊन सांगू या. आणि मला बघू तरी द्या."

ते गेले. डेलने ताडपत्री काढली. सुलभा गाडीभोवती एक चक्कर मारून आली. तिने टाकीवर हात ठेवला, काल रुमालाने पुसलेल्या पट्ट्यावर. मग तिने डेलला विचारलं, "मे आय सिट?" आणि तो हो म्हणायच्या आत तिने पाय टाकला आणि ती सीटवर बसली. पुरुषोत्तमने तिला मोटरसायकलवर असं, दोन्हीकडे पाय सोडून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिने दोन्ही मुठी धरल्या. पाय जमिनीला टेकतात की नाही ते बघितलं. टेकत होते.

"जड आहे का हो फार?" तिने विचारलं.

"अगं, आपण नाही म्हणायला आलोय."

"तुम्ही म्हणा नाही. तुम्ही सोडलीय." ती आरशात बघत होती. आरसा फुटका होता, तरी बघत होती. "मी सीताफळ सोडलंय. मोटरसायकल नाही."

पुरुषोत्तमला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याच्या तोंडून भलतंच निघालं. "तुला येतं का?"

"जानेवारीच्या बर्फात पहाटे साडेपाचला गाडी काढून कामाला जाते मी. तेव्हा कधी विचारलंत, येतं का म्हणून? तुम्ही दुरुस्त करा, मी चालवीन. दुरुस्त करणं सोडलंय का?"

"नाही," तो म्हणाला. त्याचा हात आधीच कार्ब्युरेटरवर गेला होता. "ते नाही सोडलं."

"मग बाबांना दिलेलं बाबांकडेच राहू दे. माझी मी घेतेय."

चेक तिने लिहिला. गाडीच्या कागदावर नाव तिचं लागलं. श्रीरंग आपल्या मित्राची व्हॅन घेऊन आला आणि फळीवरून गाडी चढवताना वाटेल तशा सूचना देत राहिला. जाताना डेल मुद्दाम बाहेर आला आणि त्याने तो गिअरचा दांडा स्वतःच्या हाताने एकदा फिरवून बघितला.

पुढचे आठवडे त्या घरात जे चाललं त्याला सण हाच शब्द. पुरुषोत्तम ऑफिसातून आला की टाय काढायचा आणि गराजमध्ये घुसायचा. कार्ब्युरेटर बाहेरच्या खोलीतल्या वर्तमानपत्रावर, पिस्टनची रिंग बशीत, केबली पडद्याच्या दांडीवर. टायर ओहायोहून मागवले. लिफ्टची दारं उघडण्यात ज्याने निम्मं आयुष्य घालवलं तो माणूस जेवताना शीळ घालू लागला. दीपाने मैत्रिणींना बोलावून गाडी दाखवली. "इट्स माय मॉम्स," ती सांगायची. जुलैच्या एका शनिवारी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून, त्याने गाडी स्टँडवर उभी केली आणि किक मारली. तो नुसता किक मारत होता, स्टँडवर, चालवत नव्हता, हे त्याने श्रीरंगला आधीच समजावून सांगितलं. कितव्या तरी किकेला गराजभर निळा धूर झाला आणि त्या धुरात जावा बोलायला लागली. पुरुषोत्तमने चष्मा काढून डोळे पुसले. धुराने, असं तो म्हणाला. सुलभाने मानलं नाही.

सुलभाने रीतसर शिकाऊ परवाना काढला. रविवारी पुरुषोत्तमच्या ऑफिसचं पार्किंग ओस पडलेलं असे. तिथे दीपाची जीन्स आणि पांढरं हेल्मेट घालून ती शिकली. पुरुषोत्तम बाजूने पळत "क्लच, क्लच" ओरडायचा. दोनदा ती पडली. दुसऱ्यांदा त्याने तिला उठवायच्या आधी गाडी उचलली, हे ती अजून विसरलेली नाही. पण ऑगस्ट सरताना ती सबंध पार्किंगला वळसा घालून यायला लागली, आणि सकाळी ऑफिसला जायच्या आधी, ती अंघोळीला गेली की, तो जुन्या बनियनने टाकी पुसून ठेवायला लागला.

मग एका रविवारी संध्याकाळी ती त्याच्यासमोर येऊन थांबली. "बसा," ती म्हणाली.

तो मागे बसला. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. आधी त्याने मांडीवर ठेवले, गाडीने झटका घेतला तसे तिच्या खांद्यावर ठेवले. पुढचं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते पांढरं हेल्मेट आणि त्याच्याखालून सुटलेले चार पिकले केस. मुठी तिच्या हातात होत्या. त्याची बोटं आपोआप आवळत होती, सैल होत होती. हे असंच राहणार होतं. आवाज तोच, थरथर तीच, पण मुठी आता कधी आपल्या हातात येणार नाहीत, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. त्याला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. बाबांना दिलेलं आता खरंच दिलं गेलं होतं.

"दिसतंय का काही मागून?" सुलभाने ओरडून विचारलं.

"काही नाही. तुझं हेल्मेट."

"मला निदान एक बाजू तरी दिसायची," ती म्हणाली. "साडीत कशी बसणार? सदा एकीकडे पाय सोडून, तोंड डावीकडे. डावीकडे हळद होती. येताना अंधार." तिने गिअर बदलला, आता तो तिला न अडखळता बदलता येत होता. "नदी उजवीकडे होती ना हो?"

मंडळाच्या सगळ्या पिकनिका पुरुषोत्तमच्या डोळ्यांसमोरून गेल्या. तो विनोद, सगळ्यांचं हसणं, आणि तिचंही हसणं. इतकी वर्षं तिने एकदाही सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल, त्यानेच ऐकलं नसेल.

पार्किंगच्या टोकाला वाट दोन्हीकडे फुटत होती. डावीकडे घरचा रस्ता होता. उजवीकडे कंपनीने पावसाचं पाणी साठवायला खणलेलं तळं होतं, चार बदकं, एक पाटी, आणि त्या वेळी पाण्यावर पडलेलं ऊन. सूर्य अजून पुरता उतरलेला नव्हता.

"उजवीकडे घे," तो तिच्या कानाशी म्हणाला. "सावकाश घे. पाणी आहे तिथं."

सुलभाने गाडी उजवीकडे वळवली.